सातवी चकती

१

शुक्रवारी सकाळी साडेदहाला पुण्याच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला आणि अकराच्या आत डॉ. यामिनी टोकेकर लबाड ठरल्या. बातमी पसरायला कॉलेजात तेवढा वेळ पुष्कळ झाला. टपरीवाल्याला तर ती प्राचार्यांच्या आधी कळली होती म्हणतात.

देवळाली प्रवरापासून जवळच असलेल्या त्या कॉलेजात यामिनी राखेपासून काच करायच्या. ऊस पिळून उरलेलं बगॅस साखर कारखाने बॉयलरला घालतात आणि मागं राखेचे डोंगर उरतात. काचेला जी सिलिका लागते ती या राखेत भरपूर असते. राख धुवायची, तिच्यात सोडा नि चुना मिसळायचा, आणि ते मिश्रण भट्टीतल्या मुशीत वितळवून लोखंडी साच्यात ओतायचं. एका खेपेला ताटलीएवढी एक चकती निघे. भट्टीवरचे अजिनाथ मुसमाडे प्रत्येक खेपेला 'घाणा' म्हणत, म्हणून मग सगळेच घाणा म्हणू लागले.

आजवर दहा घाणे झाले होते. नऊ चकत्यांत बुडबुडेच बुडबुडे, अगदी सोड्याच्या बाटलीसारखे. सातवी मात्र स्वच्छ होती. खाली वर्तमानपत्र ठेवलं तर छोट्या जाहिरातीसुद्धा वाचाव्यात इतकी. तिच्याच जोरावर मोठा प्रकल्प मिळणार होता आणि त्यासाठी सोमवारी समिती येणार होती.

अहवालानं घात केला. सातव्या चकतीत क्लोरीन सापडलं होतं. बाकीच्या नवांत त्याचा मागमूस नव्हता.

"म्हणजे ती काच त्या भट्टीतली नाहीच," स्टाफरूममध्ये निकाल लागला. "बाजारातनं आणली असणार."

प्राचार्य सुहास मुळे भले गृहस्थ होते, पण भल्या माणसांना रात्री झोप लवकर लागत नाही. त्यांनी शेजारच्या तालुक्यात फोन लावला.

"नीलांबरीताई, सोमवारच्या आत मला खरं काय ते कळायला हवं. मग ते काहीही असो."

"रिक्षा पाठवा," नीलांबरी खिस्ती म्हणाल्या. "आणि चहा मी घरून आणते. तुमच्या कॅन्टीनचा मी एकदा प्यायलेय."

२

नीलांबरीताई सदुसष्ट वर्षांच्या. एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, शेवटची बारा मुख्य केमिस्ट म्हणून. गुडघे कुरकुरत होते, पण डोकं आणि जीभ दोन्ही ठणठणीत होती. कारखान्यात साखरेचा उतारा घसरला की सगळे मशीन तपासायचे, ताई माणसं तपासायच्या.

यामिनी भट्टीशेजारच्या खोलीत बसल्या होत्या. पुढ्यात दहा चकत्या ओळीनं मांडलेल्या. रडून झालं होतं आणि आता राग सुरू झाला होता.

"मी काच विकत आणलेली नाही, ताई. सहा महिने झाले, मुलीचा अभ्यास घेतला नाही की घरी सणवार केला नाही. ही एक चकती जमली, आणि आता लोक म्हणतात..." 

"लोकांचं नंतर बघू. तो अहवाल इकडे द्या."

ताईंनी चष्मा वर सरकवला आणि आकड्यांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. मग थर्मासमधून दोन कप चहा ओतला, एक यामिनींपुढे सरकवला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

"राखेतनं काचेत पोटॅशियम येतं, थोडं फॉस्फरसही. बरोबर?"

"हो. कितीही धुतली तरी राहतंच."

"मग सातवीतही ते दोन्ही आहे, आणि बाकीच्यांत आहे तेवढंच. बाजारच्या काचेत उसाचा फॉस्फरस कुठून येईल?" ताईंनी चकतीवर टिचकी मारली. "बाई, ही काच तुमच्याच राखेची आहे. क्लोरीन या शब्दाला सगळे एवढे घाबरले की शेजारचे रकाने वाचायचे राहून गेले."

यामिनींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला. "पण मग क्लोरीन? सातवी का जमली ते कळेना, तेव्हा मला वाटलं होतं तिची राख नीट धुतली गेली नसेल. म्हणून नववा घाणा मुद्दाम न धुतलेल्या राखेचा केला. काच तपकिरी झाली, बुडबुडे होते तिथेच, आणि क्लोरीन तिच्यातही नाही."

"म्हणजे ते राखेतनं आलेलं नाही. फरशी पुसायची ब्लीचिंग पावडर पडली असती तर चुना वाढला असता. तो वाढलेला नाही. क्लोरीनच्या प्रमाणात वाढलंय ते सोडियम." ताईंनी कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं हिशेब मांडला. "घाणा तीन किलोचा. काचेत जे उरलंय तेच दहा ग्रॅमच्या घरात जातं, आणि बरंचसं तर वाफ होऊन उडून गेलं असणार. चिमूटभर सांडलं असं म्हणता येत नाही. ही मूठ आहे."

"कशाची मूठ?"

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मिठाची. सातव्या घाण्यात कुणीतरी मूठभर मीठ टाकलंय."

३

मिठाचं नाव निघालं आणि पहिला संशय शौनकवर आला. हा यामिनींचा पीएचडीचा विद्यार्थी, हुशार, आणि सदा भुकेला. खोलीत तो येण्याआधी शेंगदाण्यांचा वास आला.

"खरं सांग," ताई म्हणाल्या, "राख वाळवायच्या ओव्हनमध्ये शेंगदाणे भाजतोस ना?"

शौनक कानापर्यंत लाल झाला. "खारे. म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजवून. पण मॅडम, देवाशपथ, राख आत असताना कधी नाही!"

यामिनींनी कपाळाला हात लावला. शौनकचा स्वार्थही उघड होता. घाणा जमल्याशिवाय त्याचा प्रबंध पुरा होत नव्हता आणि पुण्यातली नोकरी थांबून राहिली होती.

"सातवा घाणा कधी झाला?"

"संक्रांतीनंतरच्या गुरुवारी. साखर संघाचे पाहुणे आले होते त्या दिवशी. सकाळी आम्ही त्यांना भट्टी दाखवली. मग मॅडमचं हॉलमध्ये भाषण होतं आणि मी कॉम्प्युटरवर चित्रं दाखवत होतो." त्यानं मोबाईलमधला त्या दिवशीचा फोटो दाखवला. फोटोत मॅडम होत्या, शौनक होता, पाहुणे होते, आणि भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

ताईंनी यामिनींचं घाण्याचं रजिस्टर उघडलं. मिश्रण मुशीत एकदम ओतत नाहीत. पळीपळीनं, दर पंधरा मिनिटांनी घालतात. सव्वाअकराची पळी आणि साडेअकराची पळी, दोन्हींपुढे अजिनाथची सही होती.

दुसरी साक्ष रेश्माची झाली. ती प्रयोगशाळा झाडायची, पुसायची, आणि बोलायला लागली की थांबायची नाही.

"बिलिचिंग मी भट्टीच्या खोलीत नेतच न्हाई, बाई. मॅडमनी सांगून ठेवलंय. पन त्या दिवशीचं मला चांगलं ध्यानात हाय. गाड्या भरून पाव्हनं आलते. मी मागचा व्हरांडा पुसत हुते, आन् असा ठसका लागला म्हनता! डोळ्यांतनं पानी, नाकातनं पानी. म्हनलं, ह्या शौनक सरांनी आज भट्टीवर फोडनीच टाकली."

"कशाचा ठसका?"

"मिरचीचा की! लाल मिरची जळाल्याचा. दुसरा कशाचा असतोय तसला?"

ताई उठल्या, कण्हत कण्हत मागच्या व्हरांड्यात गेल्या आणि मान वर करून बघितलं. भट्टीचं धुराडं बरोबर तिथंच बाहेर पडत होतं.

त्या परत आल्या तेव्हा प्राचार्य मुळे दारात उभे होते. हातात वहीचा फाडलेला कागद होता.

"अजिनाथनं शिपायाकडे देऊन ठेवला होता, आत्ता मिळाला," ते म्हणाले. "काम सोडतोय म्हणतो. खाली लिहिलंय, माझ्या हातून गुन्हा झाला, मॅडमनी माफी करावी."

४

"अजिनाथकाका?" यामिनी उभ्याच राहिल्या. "ते असं का करतील? माझं वाईट करून त्यांना काय मिळणार?"

"वाईट केलं असं कोण म्हणालं?" ताई म्हणाल्या. "हा माणूस इथे येण्याआधी कुठे होता?"

"कारखान्यात, बॉयलरवर. तीस वर्षं. तिथून निवृत्त झाल्यावर मी त्यांना मागून घेतलं. नुसता रंग बघून आच सांगतात ते."

ताई हसल्या. खिडकीबाहेर ऊस भरलेला ट्रॅक्टर चालला होता, दोन ट्रॉल्या ओढत. 

"मी नवीन नोकरीला लागले होते तेव्हाची गोष्ट," मग त्या म्हणाल्या. "आमच्या बॉयलरवर बजरंग नावाचा फायरमन होता. कुणी मोठा माणूस येऊन बॉयलरचं कौतुक करून गेला, की हा गुपचूप मीठ, मोहरी, मिरच्या मुठीत घ्यायचा, बॉयलरवरून उतरवायचा आणि मूठ आगीत टाकायचा. बॉयलरची दृष्ट काढायचा. मी हसले, तर महिनाभर माझ्याशी बोलला नाही."

 मग यामिनी हळूच म्हणाल्या, "खंडेनवमीला काकांनी भट्टीला झेंडूची माळ घातली होती. दोन पाकळ्या आत पडल्या. मी सगळ्यांसमोर ओरडले त्यांना. म्हटलं, ही भट्टी आहे, देव्हारा नाही. पुन्हा आत काही पडलं तर तुम्ही इथे दिसणार नाही."

"म्हणून ते बोलले नाहीत. पण मग पुढच्या घाण्यांना मूठ का टाकली नाही?"

"कशी टाकतील? सातवी जमली तेव्हा मला धास्ती वाटली, आता कुणीतरी मुद्दाम बिघडवेल. तेव्हापासून मीच दार लावून पळ्या घालते. त्यांनासुद्धा आत घेत नाही." यामिनींनी दाराकडे बघितलं. "माझा संशय त्यांच्यावर नव्हता, ताई. पण मी दार लावलं ते त्यांच्याही तोंडावर."

ताईंना आता मीठ कुणाचं ते कळलं होतं. एक गोष्ट मात्र अजून जुळत नव्हती. ज्याच्या मुठीनं एकुलता एक चांगला घाणा निघाला, तो गुन्हा कसला कबूल करत होता?

५

शनिवारी सकाळी ताई अजिनाथच्या वस्तीवर गेल्या. दोन पक्क्या खोल्या, दारात शेवगा, चहूकडे ऊस. बनुबाईनं, अजिनाथच्या बायकोनं, खाट टाकली.

"बरं झालं आलात. लई दिस झालं, धड जेवत न्हाईत. इचारलं तर सांगत न्हाईत," ती म्हणाली आणि चहाला आत गेली.

अजिनाथ खाटेवर बसलाच नाही. उंच, वाळलेला माणूस. तीस वर्षं आगीपुढं उभं राहून तोंड तांब्यासारखं झालेलं.

"बाई, तुमी कशापायी आलात ते ठावं हाय मला. भट्टी मीच बिघडवली."

"कशी, ते सांगा."

"पाव्हन्यांतला एक जन भोकातनं आत बघत हुता. म्हनला, अशी भट्टी उभ्या जिल्ह्यात न्हाई. लई टक लावून बघत हुता. माझं मन काय ऱ्हाईना. समदी हॉलात गेल्यावर शौनक सरांच्या डब्यातलं मीठ घेतलं, मोहऱ्या-मिरच्या घरनंच आनल्या हुत्या. उतरवलं आन् दार उघडून टाकलं. बॉयलरला टाकायची सवय, हात लांब गेला. मूठ सरळ मुशीतच पडली." त्यानं उजवा हात पुढे करून बघितला, जणू तो दुसऱ्याचा होता. "मिरची-मोहरी तर जळून गेली. मिठाचं काय? बॉयलरच्या पान्यात खार गेला तर नळ्या खातो, हे मी डोळ्यानं बघितलंय. तो घाना निघाला तवर भट्टी धड हुती. मग मीठ इटांत मुरलं आसंल. आठवा गेला, नववा गेला, धाव्वा गेला. आन् काल शौनक सर म्हनले, सातवीत कायतरी भलतंच सापडलं, त्यापायी मॅडमला चोर ठरवलंय. मला कळलं, माझं मीठच ते. त्या पोरीनं मला म्हातारपनी मानानं बोलवून घेतलं हुतं, बाई. आन् मी तिचंच वाटूळं केलं."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. तीन महिने या माणसानं असा गुन्हा मनात वागवला होता, जो घडलाच नव्हता.

"अजिनाथ, मी विचारते तेवढंच सांगा. पहिल्या सहा घाण्यांत बुडबुडे होते?"

"हुते की. लई."

"तेव्हा मीठ पडलं होतं?"

"न्हाई."

"आठवा, नववा, दहावा, यांत मीठ?"

"मॅडमनी दारच लावलं हुतं. कसं पडंल?"

"आणि सातव्यात?"

अजिनाथनं पुन्हा आपल्या हाताकडे बघितलं. दारात कपबशा घेऊन उभी असलेली बनुबाई मात्र मटकन खाली बसली.

"आगं बया! म्हंजी मिठानं बिघडली न्हाई, मिठानंच नीट झाली व्हय?"

६

"गुऱ्हाळात रस उकळताना भेंडीचं पाणी घालतात बघा," ताईंनी त्याच दुपारी यामिनींना सांगितलं. "मळी गोळा होऊन वर येते आणि काढून टाकता येते. तुमच्या काचेत मिठानं तेच केलं. त्याची वाफ झाली, मोठे फुगे झाले, आणि जाता जाता बारीक बुडबुडे बरोबर घेऊन गेले."

"पुस्तकात आहे हे!" यामिनींनी टेबलावर हात आपटला. "दुसऱ्या जातीच्या काचेसाठी, आणि आपल्यापेक्षा जास्त आचेला. आपल्याकडे चालणार नाही असं ठरवून मी ते पान उलटलं होतं. आणि रजिस्टरात मीठ नव्हतं, म्हणून ते असूच शकत नाही असं धरून चालले."

भट्टी तापायला दीड दिवस लागतो. त्यामुळे आधी करून बघायला सवड नव्हती. जे व्हायचं ते सोमवारी समितीच्या डोळ्यांदेखत होणार होतं.

रविवारी प्राचार्य मुळ्यांनी यामिनींना बाजूला घेतलं. ताई तिथेच होत्या. त्यांनी ऐकू येत नसल्यासारखं केलं आणि सगळं ऐकलं.

"यामिनी, एवढं ताणू नका. मीठ तुम्हीच टाकलं होतं, नोंद करायची राहिली, असं सांगा. विषय मिटेल. भट्टीवाल्यानं दृष्ट काढली म्हणून सांगितलं तर समिती हसेल आपल्याला."

यामिनी बराच वेळ हातातल्या रजिस्टरची कड चाचपत राहिल्या. मोह सोपा होता, आणि बहुधा खपलाही असता. त्या नुसत्या "बघते" म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या रात्री प्राचार्यांच्या जोडीला ताईंचाही डोळा लागला नाही.

सोमवारी समिती आली. प्रमुख होत्या डॉ. मनवा साठ्ये, कमी बोलणाऱ्या आणि हसण्याची बिलकूल घाई नसलेल्या. भट्टी पांढुरकी पिवळी झाली होती. तराजूवर चाळीस ग्रॅम मीठ मोजून ठेवलं होतं. भिंतीला पाठ लावून अजिनाथ उभा होता. ताईंनी त्याला रिक्षात घालून, जवळजवळ धरूनच आणलं होतं.

"सातव्या चकतीतलं क्लोरीन कुठून आलं?" डॉ. साठ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

यामिनींनी एकदा प्राचार्यांकडे बघितलं, एकदा ताईंकडे. मग वळून त्या अजिनाथच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"यांच्या मुठीतून. हे अजिनाथ मुसमाडे. मी या भट्टीला मशीन समजत होते आणि हे तिला घरातलं माणूस समजत होते. पाहुण्यांची नजर लागली म्हणून यांनी तिची दृष्ट काढली, आणि मीठ मुशीत पडलं. माझा त्यात काही वाटा नाही. उलट मी यांना बोलले, आणि नंतर यांच्या तोंडावर दार लावलं. दार उघडं असतं तर कदाचित आठवीही स्वच्छ निघाली असती."

समितीतला एक तरुण सभासद हसला. डॉ. साठ्ये हसल्या नाहीत. "रजिस्टरात नोंद नसलेला पदार्थ सापडला, हा दोष मला अहवालात लिहावा लागेल."

"लिहा. आणि नावही पूर्ण लिहा, मॅडम. अजिनाथ कारभारी मुसमाडे."

पळ्या पडू लागल्या. चौथ्या पळीनंतर यामिनींनी मिठाची वाटी अजिनाथच्या हातात दिली. त्यानं मीठ मुठीत घेतलं, आणि भट्टीचं दार उघडलं तसा हात आपसूक पुढे गेला. तीस वर्षांची सवय होती. मूठ बरोबर मुशीत गेली.

मग वाट बघणं आलं. जेवणं झाली, ताईंचा थर्मास संपला, शौनकनं घाबरून सगळे शेंगदाणे खाल्ले. साडेतीनला यामिनींनी लोखंडी सळईनं मुशीतला एक थेंब काढून पत्र्यावर सोडला. तो आधी पिवळट, मग लाल, मग पाण्यासारखा झाला. डॉ. साठ्यांनी भिंग लावलं. खोलीत भट्टीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग भिंग अजिनाथकडे दिलं.

"मुसमाडे, तुम्हीच सांगा. मला तरी एकही दिसत नाही."

अजिनाथनं भिंग डोळ्याला लावलं. मग मान डोलावली. चौतीस वर्षं ताईंनी ही राख रस्त्याकडेला पडताना, वाळत घातलेली धुणी काळी करताना पाहिली होती. आज तिच्यातून आरपार दिसत होतं. हे बघायला मिळालं, याबद्दल कुणाचे आभार मानावेत ते त्यांना कळेना. मग त्यांनी एकाचेच मानायचं ठरवलं आणि अजिनाथकडे बघून दोन्ही हात जोडले.

यामिनींना हात जोडून भागणार नव्हतं. सगळ्यांदेखत, प्राचार्यांदेखत, समितीदेखत, त्या अजिनाथच्या पायांशी वाकल्या.

अजिनाथनं झटक्यात त्यांचा दंड धरला आणि त्यांना मागं ओढलं.

"हितं न्हाई, पोरी," तो ओरडला. मॅडम म्हणायचं तो पहिल्यांदाच विसरला होता. "दार उघडं हाय. झळ लागंल तुला."